चॅम्पियन गेंड्यांचं प्रमोशन

प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच. टार्गेट सगळ्यांच्या आधी पूर्ण करतो, बॉसच्या लाडक्यांना भर मीटिंगमध्ये गार करतो आणि अप्रेझलच्या दिवशी त्याला ऐकायला मिळतं, 'काम एक नंबर आहे रे तुझं, पण वरच्या पोस्टसाठी आम्ही जरा वेगळं प्रोफाइल बघतोय.' बिचारा कसनुसं हसतो, जागेवर येऊन बसतो आणि पुढच्या महिन्याचं टार्गेटही पूर्ण करतो.

आता या माणसाच्या जागी एक अख्खा फुटबॉल क्लब ठेवा. नाव : रोचेस्टर रेजिंग ऱ्हायनोज, म्हणजे रोचेस्टरचे चवताळलेले गेंडे. मुक्काम पोस्ट : रोचेस्टर, न्यूयॉर्क राज्य. मॅनहॅटनवालं न्यूयॉर्क नव्हे हं. तिथून गाडीनं पाच-सहा तास लांब, ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठावरचं आणि हिवाळ्यात बर्फाखाली जाणारं हे शहर. या गेंड्यांनी अमेरिकेत जिंकण्यासारखं जवळजवळ सगळं जिंकलं. प्रमोशन मात्र कधीच मिळालं नाही. आणि आता तर क्लबच उरलेला नाही.

पिवळ्या डब्याचं गाव

रोचेस्टर हे नाव ओळखीचं वाटत नसेल, पण तिथल्या एका कंपनीचा माल तुमच्या घरात नक्की येऊन गेलाय. तुमच्या बारशाचे, दादाच्या मुंजीचे, आत्याच्या लग्नाचे फोटो ज्या पिवळ्या डब्यातल्या रोलवर निघाले, ती कोडॅक रोचेस्टरची. जॉर्ज ईस्टमननं ती तिथेच उभी केली. झेरॉक्सचं मूळही तिथलंच. १९८२ साली एकट्या कोडॅकमध्ये रोचेस्टर परिसरातली ६० हजारांहून जास्त माणसं कामाला होती. नंतर नोकऱ्या गळायला लागल्या, मग डिजिटल कॅमेरे आले आणि २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. १९५० मध्ये ३ लाख ३० हजारांच्या घरात असलेली शहराची लोकसंख्या २०२० मध्ये २ लाख ११ हजारांवर आली होती.

म्हणजे शहर उतरणीला लागलेलं असताना हे गेंडे मैदानात उतरले. साल १९९६.

त्याच वर्षी अमेरिकेत मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस, सुरू झाली. (त्यांचं सॉकर म्हणजे आपलं फुटबॉल, हे एकदा सांगून टाकते.) १९९४ चा वर्ल्ड कप अमेरिकेत झाला होता, त्याचा माहोल अजून होता. एमएलएसच्या दहा टीम्स होत्या आणि त्यांच्या खालच्या पायरीवर ए-लीग होती. रोचेस्टर या खालच्या पायरीवर.

इथे एक फंडा क्लिअर करून घेऊ, कारण सगळी गोची त्यातच आहे. इंग्लंडमध्ये खालच्या लीगमधले पहिले काही क्लब वर जातात आणि वरच्या लीगमधले शेवटचे खाली घसरतात. अमेरिकेत तसं नाही. तिथलं मॉडेल आपल्या आयपीएलसारखं. टीम म्हणजे फ्रँचायझी. ती मिळवण्यासाठी शहर, स्टेडियम आणि तगडा मालक लागतो. खालच्या लीगमध्ये तुम्ही पहिले आलात काय आणि शेवटचे आलात काय, पुढच्या वर्षी तिथेच.

पहिल्याच वर्षी धुमाकूळ

पण एक दरवाजा उघडा होता. यूएस ओपन कप. १९१४ पासून चालत आलेली ही नॉकआउट स्पर्धा. तिच्यात छोटे-मोठे सगळे एकाच ड्रॉमध्ये येतात. पदार्पणाच्या वर्षीच ऱ्हायनोजनी या कपात टँपा बे म्युटिनी आणि कोलोरॅडो रॅपिड्स या एमएलएसच्या दोन टीम्सना घरी पाठवलं आणि थेट फायनल गाठली. तिथे डी.सी. युनायटेडनं ३-० नं हरवलं. त्याच मोसमात ते ए-लीगच्याही फायनलला गेले आणि सिएटल साउंडर्सकडून हरले. नव्या क्लबसाठी पहिल्या वर्षाचं प्रगतिपुस्तक काही वाईट नव्हतं.

रोचेस्टर वेडं झालं. दुसऱ्या मोसमापासून टीम फ्रंटियर फील्डवर खेळू लागली. हे खरं तर बेसबॉलचं मैदान, त्यामुळे फुटबॉलचं मैदान त्यात कसंबसं बसवलेलं. पण लोकांना त्याचं काय! नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथे मॅचला सरासरी १० हजारांहून जास्त प्रेक्षक यायचे. १९९९ मध्ये एमएलएसच्या कॅन्सस सिटी आणि मायामी या टीम्सना सरासरी नऊ हजारही मिळत नव्हते. म्हणजे सेकंड डिव्हिजनची टीम गर्दीच्या बाबतीत फर्स्ट डिव्हिजनच्या काही टीम्सना भारी पडत होती.

कोच होते पॅट एर्कोली. १९९८ मध्ये त्यांच्या टीमनं ए-लीग जिंकली. २००० मध्ये पुन्हा. २००१ मध्ये पुन्हा. आणि मध्ये आलं १९९९.

ती एक संध्याकाळ

१९९९ चा ओपन कप. ऱ्हायनोजनी आधी शिकागो फायरला १-० नं हरवलं. शिकागो म्हणजे आदल्या वर्षी लीग आणि कप, दोन्ही जिंकलेली टीम. मग डॅलस बर्नला २-१ नं. सेमीफायनलला कोलंबस क्रूला ३-२ नं. फायनल १४ सप्टेंबरला कोलंबसच्या नव्याकोऱ्या स्टेडियमवर. समोर कोलोरॅडो रॅपिड्स. उत्तरार्धात डग मिलरनं गोल केला, अगदी शेवटी यारी ऑलनटनं दुसरा ठोकला. २-० आणि खेळ खल्लास. ओळीनं चार एमएलएस टीम्स गारद.

यातली गंमत बघा. अमेरिकेत फुटबॉलमध्ये पैसा ओतणारे बडे उद्योगपती लामार हंट यांचं नाव त्याच वर्षी या कपला दिलं गेलं होतं. कोलंबस क्रू ही टीम हंट यांची, फायनलचं स्टेडियमही हंट यांनीच बांधलेलं. गेंड्यांनी हंटसाहेबांची टीम हरवून, हंटसाहेबांच्या अंगणात, हंटसाहेबांच्या नावाचा कप उचलला.

एमएलएस सुरू झाल्यापासून तिच्या बाहेरच्या टीमनं हा कप जिंकलाय तो एवढा एकदाच. २००८ मध्ये चार्ल्स्टन बॅटरी आणि २०२२ मध्ये सॅक्रामेंटो रिपब्लिक फायनलपर्यंत पोहोचले, पण दोघंही हरले.

स्टेडियम बांधा, मग बघू

आता सांगा, अशा टीमला वर घ्यायला काय हरकत होती? एमएलएसला लहान शहर नको होतं का? टीव्हीवाल्यांना आणि स्पॉन्सर्सना मोठी बाजारपेठ हवी असते, हे उघड आहे. शिवाय फक्त फुटबॉलसाठी बांधलेलं स्टेडियम हवं. बेसबॉलच्या मैदानावरची तडजोड चालणार नव्हती.

ठीक आहे म्हणाले रोचेस्टरवाले. स्टेडियम बांधू! सुमारे साडेतीन कोटी डॉलर्स खर्चून, सरकारी पैशाच्या मोठ्या हातभारानं, शहराच्या मध्यापासून जरा बाजूला पीएटेक पार्क उभं राहिलं. आसनं १३,७६८. जून २००६ मध्ये उद्घाटन झालं. फ्लडलाइट्स, हिरवं मैदान, वर जायची सगळी तयारी.

एमएलएसची पुढची टीम २००७ मध्ये आली. ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठावरच, पण पलीकडच्या. टोरांटो एफसी! प्रवेश फी होती एक कोटी डॉलर्स. आज वाचताना ही रक्कम चिल्लर वाटते. सॅन डिएगोनं २०२३ मध्ये याच दारातून आत शिरायला ५० कोटी डॉलर्स मोजले.

मग एकेक जुने ओळखीचे वर जाऊ लागले. २००९ मध्ये सिएटल. २०११ मध्ये पोर्टलँड आणि व्हँकूव्हर. २०१२ मध्ये मॉन्ट्रिअल. हे सगळे रोचेस्टरचे खालच्या लीगमधले सवंगडी. वर जाताना यांच्यापैकी कुणालाही 'तुम्ही लीगमध्ये कितवे आलात' असं विचारलं गेलं नाही. मोठी शहरं होती, मोठे मालक होते, चेक वटला.

आता सगळा दोष एमएलएसवर ढकलणंही बरोबर नाही. अमेरिकेत आधी एक मोठी लीग होऊन गेली होती, एनएएसएल. पेले, बेकेनबाउअर यांना आणून तिनं पैसा उधळला आणि १९८४ च्या मोसमानंतर ती बंद पडली. रोचेस्टरनं तर तो धडा घरातच पाहिला होता. शहराचा जुना क्लब रोचेस्टर लान्सर्स १९७० मध्ये त्या लीगचा चॅम्पियन झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. हे सगळं पाहिलेल्या एमएलएसनं 'हरलात तरी खाली जाणार नाही' असा शब्द देऊनच गुंतवणूकदार गोळा केले. त्याशिवाय लीग टिकली असती का, हा प्रश्न रास्तच आहे. आणि ऱ्हायनोजच्या मालकांचं गणितही चुकलं. नव्या स्टेडियमला जुन्या मैदानाची गर्दी मिळाली नाही. कर्ज वाढलं. २००८ च्या सुरुवातीला मालकांच्या हातून क्लब आणि स्टेडियम, दोन्ही सुटलं. नवा मालक आला आणि नावातलं 'रेजिंग' गेलं. स्टेडियमवरची पाटी तर स्पॉन्सरप्रमाणे इतक्या वेळा बदलली, की विचारू नका.

हरायचं नाव नाही, तरीही

त्या स्टेडियमला माणसं मिळायचीच नाहीत असंही नव्हतं. २०११ मध्ये महिलांच्या लीगची फायनल तिथे झाली. घरची टीम वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅश, टीममध्ये मार्ता, ॲलेक्स मॉर्गन, ख्रिस्तीन सिंक्लेअर. १०,४६१ प्रेक्षकांसमोर फ्लॅशनं पेनल्टी शूटआउटमध्ये कप जिंकला. हीच फ्लॅश २०१६ मध्ये पुन्हा देशाची चॅम्पियन झाली. बक्षीस? जानेवारी २०१७ मध्ये टीम विकली गेली आणि नॉर्थ कॅरोलिनाला गेली.

ऱ्हायनोजचं बक्षीसही ठरलेलंच होतं. २०१५ मध्ये कोच बॉब लिली यांच्या टीमनं अख्ख्या मोसमात एकही मॅच हरली नाही. २८ मॅचेस, १७ विजय, ११ बरोबरी, शून्य पराभव. फायनलमध्ये एलए गॅलॅक्सीच्या दुसऱ्या फळीला एक्स्ट्रा टाइममध्ये २-१ नं हरवून लीग जिंकली. जगात कुठेही असा मोसम झाला की क्लब वर जातो, निदान गल्लीत फटाके तरी फुटतात. रोचेस्टरमध्ये दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, मालकांनी जाहीर केलं की पुढच्या मोसमात टीम उतरणार नाही.

मग सिनेमात होते तशी एंट्री झाली. जून २०२१. नवा भागीदार : जेमी व्हार्डी.

व्हार्डी कोण हे फुटबॉलवेड्यांना सांगायला नको. इतरांसाठी : इंग्लंडच्या आठव्या पायरीवरच्या क्लबमधून खेळणारा, दिवसा फॅक्टरीत काम करणारा पोरगा, जो एकेक पायरी चढत लेस्टर सिटीत पोहोचला आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकून बसला. लेस्टर स्वतःही दोनच वर्षांपूर्वी खालच्या डिव्हिजनमधून वर आलेलं. ज्या माणसाची सगळी कहाणी शिडीवर उभी आहे, त्यानं अशा देशात पैसे घातले जिथे शिडीच नाही. त्याला हे माहीत नसेल असं नाही. कदाचित म्हणूनच त्याला हा क्लब आवडला असेल.

क्लबचं नाव बदलून रोचेस्टर न्यूयॉर्क एफसी झालं. २०२२ मध्ये तो एमएलएस नेक्स्ट प्रो या नव्या लीगमध्ये उतरला. लीगमध्ये २१ टीम्स. त्यातल्या २० एमएलएस क्लबांच्या राखीव टीम्स, म्हणजे पाठीशी श्रीमंत बाप. एकविसावा रोचेस्टर, कुणाचाच नसलेला. एमएलएसच्या घरात रोचेस्टर एकदाचं शिरलं, पण मागच्या दारानं. एक मोसम झाला. १० मार्च २०२३ ला क्लब बंद झाल्याची घोषणा झाली. यावेळी 'तात्पुरता' हा शब्द नव्हता.

पण मग जिंकायचं कशासाठी?

हा प्रश्न क्लबपेक्षा त्या स्टँडमध्ये बसणाऱ्यांचा जास्त आहे. कोडॅकमधली नोकरी गेलेल्या माणसाला शनिवारी संध्याकाळी पोरांना घेऊन जायला एक जागा होती. तिथे आपलं शहर शिकागोला, डॅलसला हरवायचं. ते एवढंच मागत होते, की जिंकलं तर पुढे काहीतरी घडावं. टीम खराब खेळून संपली असती तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. सगळं जिंकून संपली, तर शिव्या घालायच्या कुणाला?

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या यूएसएल या लीग-संस्थेच्या क्लबमालकांनी ठराव केला, की आपल्या लीग्जमध्ये इंग्लंडसारखी बढती आणि घसरण आणायची. २०२८ पासून ती सुरू करण्याचा बेत आहे. हीच ती संस्था, जिच्या लीगमध्ये ऱ्हायनोज २०१५ मध्ये न हरता चॅम्पियन झाले होते. नियम ठरेपर्यंत ते थांबू शकले नाहीत.