खेळणारे पुष्कळ झाले, खेळ घडविणारे कधी होणार?

परभणी जिल्ह्यातील पेडगाव घ्या की दुसरे कोणतेही गाव घ्या, सायंकाळी पारावर आमची पोरे मोबाईलमध्ये मान घालून बसलेली दिसतात. कोणी गोळ्या झाडतो, कोणी पत्ते पिसतो. ऑनलाईन रमीपायी घरेदारे बुडाली, तेव्हा कुठे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने केला. त्याचे स्वागतच आहे. पण हे खेळ तयार कोण करतो आणि पैसा कुणाच्या घरी जातो, हा प्रश्न बंदीने सुटत नाही. आमचा मुलगा जन्मभर गिऱ्हाईकच राहणार काय?

काही बांधव विचारतील, वकीलसाहेब, पोरांना खेळापासून सोडवायचे सोडून खेळ बनवायला काय सांगता? आमचे उत्तर असे, की संगणकाला हुकूम द्यायला शिकण्याचा सर्वांत सोपा रस्ता खेळातूनच जातो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली ‘स्क्रॅच’ नावाची प्रणाली सर्वांसाठी खुली केली. ती फुकट आहे आणि एकदा संगणकात घातली की इंटरनेटवाचून चालते. हुकमांचे रंगीत ठोकळे असतात, ते एकाखाली एक जोडायचे, एवढेच काम.

समजा, ज्वारी राखणीचा खेळ करायचा आहे. पडद्यावर कणसे, उडत येणारे पाखरू आणि खाली गोफण. हा पडदा ४८० ठिपके रुंद, ३६० ठिपके उंच, मधोमध शून्य. प्रत्येक वस्तूची जागा दोन आकड्यांनी ठरते, एक आडवा, एक उभा. उजव्या बाणाची कळ दाबली की आडव्या आकड्यात १० मिळवा, गोफण उजवीकडे सरकते. पाखराला सांगा, सतत पुढे सरकत राहा. खडा लागला तर गुण एकाने वाढवा, पाखरू कणसावर बसले तर एकाने कमी करा. झाला खेळ! कळ दाबणे ही घटना, सतत सरकणे ही पुनरावृत्ती, ‘जर-तर’ ही अट आणि गुण म्हणजे लक्षात ठेवलेला आकडा. या चार गोष्टी पक्क्या झाल्या की पायथॉनसारख्या भाषेची भीती उरत नाही. फळ्यावर न कळलेली ऋण संख्या इथे कळते. पाखरू उलटे उडाले तर मुलगी स्वतःच चूक शोधते, कोणी छडी उगारत नाही.

हे आपले काम नाही, असे कोणाला वाटत असेल तर त्याने जेरी लॉसन यांचे नाव लक्षात ठेवावे. ब्रुकलीनमध्ये जन्मलेला हा कृष्णवर्णीय अभियंता. महाविद्यालयात गेले, पण पदवी पूर्ण झाली नाही. १९७६ साली फेअरचाइल्ड कंपनीचे ‘चॅनल एफ’ हे यंत्र त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. कॅसेट बदलून नवा खेळ लावायची सोय घराघरांत आली ती या यंत्रापासून.

आता कायद्याचे बोलू. कॉपीराईट कायदा, १९५७ च्या कलम २(ओ) नुसार संगणकाचा प्रोग्राम ही साहित्यकृती आहे. म्हणजे पेडगावच्या मुलीने रचलेला राखणीचा खेळ कायद्याच्या नजरेत साहित्य आणि ती त्याची लेखिका. नोंदणी सक्तीची नाही. हक्क तिच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले, त्याच्या लेकीला कायदा लेखिका म्हणतो, ही गोष्ट लहान आहे काय?

सरकारच्या भरवशावर मात्र बसू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व टप्प्यात, म्हणजे सहावी ते आठवीत, कोडिंग आणण्याचे म्हटले. त्याच वर्षी व्हाइटहॅट ज्युनियर या महागड्या शिकवणीच्या जाहिरातींवर इतक्या तक्रारी झाल्या, की जाहिरात मानक परिषदेच्या सांगण्यावरून पाच जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. कागदावर धोरण आणि बाजारात लूट, यांच्या मधोमध आमची पोरे उभी आहेत.

म्हणून जयंती मंडळांना आमचे सांगणे आहे. १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचा एका रात्रीचा खर्च वाचवा आणि विहारात दोन जुने पण चालते संगणक आणा. गावातला पदवीधर मुलगा आठवड्यातून दोन संध्याकाळी बसवा. मुली पहिल्या रांगेत असाव्यात. पुढच्या जयंतीला पोरांनी रचलेले खेळ समाजासमोर मांडा आणि प्रत्येक खेळाखाली रचणाऱ्याचे नाव लिहा. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आहे. तो पाळायला एवढी सामग्री पुरेशी आहे.

जय भीम!