नाण्यावरची कोंबडी

देश स्वतंत्र झाला की नाण्यावरचा परका राजा जातो आणि त्याच्या जागी बहुधा आपला नेता येतो. आयर्लंडने मात्र १९२८ साली आपल्या नाण्यांवर चक्क कोंबडी, डुकरीण, ससा आणि बैल आणून बसवले!

१९२२ साली आयर्लंडला स्वतःचे राज्य मिळाले, तरी बाजारात इंग्रज राजाच्या छापाचीच नाणी फिरत होती. नवी नाणी ठरवण्यासाठी १९२६ मध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते नोबेल विजेते कवी यीट्स. रवींद्रनाथांच्या इंग्रजी 'गीतांजली'ची प्रस्तावना त्यांचीच. शेतीवर जगणाऱ्या देशाच्या नाण्यांवर पशुपक्षीच शोभतील, असे समितीचे मत पडले. गंमत म्हणजे, चित्रे पसंत पडली ती पर्सी मेटकाफ या इंग्रज शिल्पकाराची. त्यातही बैल आणि डुकरीण उत्तम जातीची दिसावीत म्हणून शेतीखात्याच्या सल्ल्याने त्यांत बदल करावे लागले!

पेनीवर पिलांसह कोंबडी, अर्ध्या पेनीवर पिलांसह डुकरीण, तीन पेन्सच्या नाण्यावर ससा, सहा पेन्सच्या नाण्यावर शिकारी कुत्रा, शिलिंगवर बैल, फ्लोरिनवर सामन मासा आणि अर्ध्या क्राउनवर घोडा. दुसऱ्या बाजूला सगळ्यांवर हार्प हे आयर्लंडचे तंतुवाद्य. 'एकही धर्मचिन्ह नाही,' म्हणून काहींनी नाके मुरडली. पण वाचता न येणाऱ्या लहानग्यालाही कोंबडीवरून पेनी ओळखता येई.

१९७१ साली दशमान पद्धत आली. २४० पेन्सचा पौंड १०० पेन्सचा झाला. कोंबडी, डुकरीण आणि ससा निवृत्त झाले. सामन मासा, बैल आणि पुढे घोडाही नव्या नाण्यांवर टिकून राहिले. मग १ जानेवारी २००२ रोजी बारा देशांत युरोची नाणी-नोटा आल्या आणि ९ फेब्रुवारीला आयरिश पौंडाचे चलन थांबले. युरो वापरणाऱ्या देशांत पैसे बदलण्याची कटकट मिटली, पण नाण्यांवरचे गोठा-खुराडे कायमचे रिकामे झाले. आयर्लंडच्या युरो नाण्यांवर हार्प तेवढी उरली.

आयर्लंडची मध्यवर्ती बँक जुनी नाणी आजही बदलून देते. हिशेबाने कोंबडीच्या त्या पेनीची किंमत युरोच्या जेमतेम अर्ध्या सेंटएवढी. पण नव्या राष्ट्राने राजाचा मुखवटा उतरवून आपल्या अंगणातली कोंबडी अभिमानाने मिरवली, त्याचे मोल कोणत्या दराने करायचे?