हमीदा बानू आणि आपण न विचारलेला प्रश्न

बडोदे शहराला कुस्तीचे कौतुक नवे नाही. गायकवाडी राजवटीत येथे मल्लविद्येला राजाश्रय लाभला. जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रो. माणिकराव यांचे नाव व्यायामाइतकेच हाडवैद्यकासाठीही आदराने घेतले जाई. द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' याच शहरातून प्रसिद्ध झाला. या परंपरेचा आपणा बडोदेकर मराठी मंडळींना सार्थ अभिमान आहे. मात्र या इतिहासातील एका कुस्तीची आठवण आपण क्वचितच काढतो. ती मे 1954 मध्ये येथे झाली आणि जिंकली ती एका स्त्रीने.

त्या स्त्रीचे नाव हमीदा बानू. मूळच्या मिर्झापूरच्या या मल्ल स्त्रीने अलीगढ येथे सलाम पहिलवान यांच्या हाताखाली कुस्तीचे धडे घेतले होते. जो पुरुष मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी विवाह करीन, असे जाहीर आव्हान त्यांनी फेब्रुवारी 1954 मध्ये दिले. पतियाळा आणि कलकत्ता येथील दोन मल्लांना पाडून त्या बडोद्यास आल्या. ट्रकवर फलक लावून त्यांच्या कुस्तीची जाहिरात गावभर फिरली. ठरलेला प्रतिस्पर्धी होता महाराजांच्या आश्रयाखालील छोटा गामा. आपण स्त्रीशी लढणार नाही, असे सांगून त्याने ऐनवेळी माघार घेतली. मग बाबा पहिलवान समोर आला. ही कुस्ती अवघ्या 1 मिनिट 34 सेकंदांत निकाली झाली.

त्या काळच्या वृत्तपत्रांनी त्यांचे मोठ्या चवीने वर्णन केले आहे. उंची 5 फूट 3 इंच, वजन 108 किलो, दिवसाला सहा तास व्यायाम आणि नऊ तास झोप. आहारात साडेपाच लिटरांहून अधिक दूध, मटण, कोंबडी, अंडी, लोणी, बदाम आणि बिर्याणी! आपल्यापैकी हृदयरोगतज्ज्ञांना ही यादी वाचून घाम फुटेल. परंतु ज्या काळी स्त्रीने तालमीच्या उंबरठ्यावर उभे राहणेही अशिष्ट मानले जाई, त्या काळी आपले शरीर हेच आपल्या उपजीविकेचे साधन, असे ठरवून जगणारी ही स्त्री होती, हे त्या यादीमागचे सत्य ध्यानात घेतले पाहिजे.

समाजाने ते सुखासुखी मान्य केले नाही. कोल्हापुरात एका पुरुष मल्लाशी झालेल्या लढतीत प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली, दगडफेकही केली. पोलिसांना बोलवावे लागले. पुण्यातील रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती तेथील कुस्ती संघाच्या विरोधामुळे रद्द झाली. बंदीविरुद्ध त्यांनी तेव्हाच्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. बंदीचे कारण स्त्री-पुरुष भेद हे नसून, संयोजक त्यांच्यासमोर नकली मल्ल उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत, असे उत्तर मिळाले. काही लढती ठरवून केलेल्या असतीलही. व्यावसायिक कुस्तीत असे प्रकार पुरुषांच्या बाबतीतही होतच असत. परंतु पुरुषाची कुस्ती संशयास्पद ठरली तर ती एक कुस्ती बुडे. येथे एका स्त्रीची सारी कारकीर्दच संशयित ठरविण्यात आली.

त्याच वर्षी मुंबईत त्यांनी 'रशियाची अस्वलीण' म्हणून गाजलेल्या व्हेरा चिस्तिलिनला एका मिनिटाच्या आत पाडले. आता युरोपात जाऊन तेथील मल्लांशी लढणार, असे त्यांनी जाहीर केले. त्यानंतर मात्र कुस्तीच्या जगातून त्यांचे नाव नाहीसे झाले.

ते का, याचे उत्तर पुष्कळ वर्षांनी त्यांच्या नातवाने वार्ताहरांना दिले. त्यांनी युरोपला जाऊ नये म्हणून सलाम पहिलवानांनी त्यांना काठ्यांनी मारले आणि त्यांचे हात मोडले, असे त्याचे सांगणे आहे. पायही मोडले होते आणि त्यानंतर कित्येक वर्षे त्यांना काठीवाचून नीट चालता येत नव्हते, असे एका शेजाऱ्याने सांगितले. दोघांचे नाते नेमके काय होते याविषयी कुटुंबीयांत एकमत नाही. पुढे सलाम अलीगढला परतले. हमीदा बानू कल्याणलाच राहिल्या, दूध विकून, जागा भाड्याने देऊन आणि रस्त्याकडेला खाद्यपदार्थ विकून त्यांनी गुजराण केली. 1986 मध्ये त्यांचे निधन झाले. 4 मे 2024 रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले, तेव्हा अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले.

ही हकीकत वैद्यक व्यावसायिकांच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर सरळ आहे. मोडलेली हाडे आपोआप जागेवर बसत नाहीत. ज्या कोणी त्या हातापायांना पट्ट्या बांधल्या असतील, त्याने 'हे कसे झाले?' असे त्यांना एकांतात विचारले असेल काय? हा प्रश्न वाचकांइतकाच मी स्वतःला विचारीत आहे, कारण मीही एकदा तो विचारला नव्हता.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सुशिक्षित घरातील सून हाताचे हाड मोडल्यामुळे माझ्याकडे आली. न्हाणीघरात पाय घसरला, असे बरोबर आलेल्या सासूबाईंनी सांगितले. कोपराखालचे अल्ना हे हाड एकटेच मध्यभागी मोडलेले होते. डोक्यावर येणारा घाव अडविण्यासाठी हात वर केला असता हे हाड असे मोडते, हे आपण सारे विद्यार्थीदशेतच शिकलेलो असतो. मी केसपेपरवर 'पडून इजा' असे लिहिले आणि प्लास्टर घातले. वर्ष उलटण्यापूर्वी ती पुन्हा आली, या वेळी गालाची सूज घेऊन. मी पुन्हा तेच लिहिले. पुष्कळ वर्षांनी, माहेरी कायमची परतल्यावर, ती एका समारंभात भेटली. म्हणाली, "डॉक्टर, तेव्हा तुम्ही आईंना जरा बाहेर बसायला सांगितलं असतं, तर मी सगळं सांगितलं असतं." तिच्या स्वरात राग नव्हता. त्यामुळेच ते वाक्य माझ्या मनातून अद्याप गेलेले नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 18 ते 49 वयोगटातील विवाहित वा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. म्हणजे आपल्या बाह्यरुग्ण विभागात रोज अशा स्त्रिया येतच असतात. त्या डोकेदुखी, निद्रानाश, पोटदुखी अशी नावे घेऊन येतात; आणि आपण त्या नावांवरच औषध लिहितो. शंभर किलोंहून अधिक वजनाच्या, पुरुष मल्लांना लोळविणाऱ्या स्त्रीवर जर असा प्रसंग आला असेल, तर 'ही तर चांगली खमकी दिसते, हिला कोण मारणार?' हा आपला अंदाज किती पोकळ आहे, हे वेगळे सांगावयास नको.

'हा घरगुती मामला आहे', 'कोर्टकचेऱ्या कोण करणार', 'वेळ कोठे आहे' ही आपली नेहमीची उत्तरे. यांतील पहिले कायद्यानेच निकालात काढले आहे. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा अधिनियम 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आहे. पीडितेने मागितलेली वैद्यकीय मदत नाकारता येत नाही. आधी तक्रार नोंदविली नाही या सबबीवरही ती नाकारता येत नाही. घटनेचा अहवाल झालेला नसेल तर तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठविणे आणि तपासणी अहवालाची प्रत तिला विनामूल्य देणे, ही जबाबदारी रुग्णालयावर आहे. कोर्टाची भीती मीही बाळगून होतो. परंतु नीट लिहिलेला केसपेपर डॉक्टरला अडचणीत आणीत नाही, उलट तोच त्याचा आधार ठरतो. राहिला प्रश्न वेळेचा. सोबतच्या माणसाला बाहेर बसविण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

एवढे केल्यावर शांतपणे विचारावे, 'घरी कोणी मारहाण करते का? आज घरी जायला भीती वाटते का?' ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहावे. जखमेची जागा, आकार आणि रंग नोंदवावा. 'जरा जमवून घ्या' किंवा 'सोडून द्या त्याला', यांतला कोणताच उपदेश करू नये. निर्णय तिचा असतो. गुजरातेत 181 क्रमांकावर 'अभयम्' ही महिला साहाय्यसेवा आहे. तो क्रमांक तिला द्यावा. ती 'काही नाही' म्हणाली तरी प्रश्न वाया जात नाही, कारण पुन्हा कधी सांगावेसे वाटले तर कोठे सांगता येईल हे तिला कळलेले असते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने 2000 च्या सुमारास सुरू केलेल्या 'दिलासा' केंद्राने हे काम सार्वजनिक रुग्णालयात होऊ शकते, हे दाखवून दिले आहे. आपल्या खासगी दवाखान्यांत ते होऊ न शकण्याचे कारण मला दिसत नाही.

आपली संस्था दरवर्षी रक्तदान आणि नेत्रतपासणीची शिबिरे घेते. यंदा सभासद डॉक्टरांसाठी आणि त्यांच्या परिचारिकांसाठी या विषयावर एक दिवसाचे प्रशिक्षण ठेवावे, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. बडोद्याने हमीदा बानूंचा जय पाहिला, टाळ्याही वाजविल्या. त्यांच्या मोडलेल्या हातांबद्दल आता आपणांस काही करता येणार नाही. परंतु उद्या सकाळी आपल्या दवाखान्यात 'पडले' म्हणून जी येईल, तिच्यासाठी दार लोटून घेऊन एक प्रश्न विचारणे आपल्या हाती आहे.