तारीख टाकलेले मुखत्यारपत्र

परदेशस्थ पक्षकाराचे काम आले की आपल्यापैकी बहुतेकांच्या संगणकात एक मसुदा तयारच असतो. घर विकणे, भाड्याने देणे, दावे चालवणे, बँकेत सह्या करणे, सोसायटीच्या सभेत मत देणे, आणि शेवटी ‘वरील कामांच्या अनुषंगाने लागणारी इतर सर्व कामे’. नाव, पासपोर्ट क्रमांक आणि मिळकतीचे वर्णन बदलले की हे कुलमुखत्यारपत्र न्यू जर्सीला किंवा शारजाला रवाना होते. हा मसुदा सवयीने वापरणे आपण थांबवावे, असे आमचे मत आहे. भावाने भावाला फसवल्याच्या हकिकती हे त्याचे कारण नाही. त्या प्रत्येक तालुक्यात सापडतात आणि त्यांतून फारसे काही शिकता येत नाही. खरे कारण कायद्याच्या रचनेतच आहे. दिलेला अधिकार परत घेण्याची आपली यंत्रणा इतकी दुबळी आहे की, कागदात आधीच लिहिलेली मर्यादा तेवढी भरवशाची उरते.

भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणाऱ्याने तो काढून घेतला किंवा त्याचा मृत्यू झाला की मुखत्यारी संपते. पण कलम २०८ सांगते की, ही समाप्ती मुखत्याराला आणि त्रयस्थाला समजेपर्यंत त्यांच्यापुरती लागू होत नाही. १८८२ चा मुखत्यारपत्र कायदाही मृत्यू किंवा रद्दीकरण ठाऊक नसताना प्रामाणिकपणे व्यवहार करणाऱ्या मुखत्याराला संरक्षण देतो. त्रयस्थाच्या बाजूने पाहिले तर हे न्याय्य आहे. पण मस्कतमध्ये बसून रद्द केलेल्या मुखत्यारपत्राची बातमी साताऱ्याच्या दुय्यम निबंधकाला द्यायची कोणी? परदेशात झालेले साधे मुखत्यारपत्र सहसा इथल्या कोणत्याच नोंदवहीत चढलेले नसते, मग त्यापुढे ‘रद्द’ असा शेरा पडणार कुठे? वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस खरेदीदाराने वाचली असेलच असे नाही. नोंदणीच्या वेळी आपण जे घोषणापत्र जोडतो, म्हणजे लिहून देणार हयात आहेत व मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही, त्यावर सही करतो तो स्वतः मुखत्यारच. ते खोटे ठरल्यास नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, हे खरे. पण ती व्यवहार झाल्यानंतरची गोष्ट. याउलट ‘हे मुखत्यारपत्र अमुक तारखेनंतर आपोआप संपुष्टात येईल’ हे वाक्य कोणी कोणाला कळवावे लागत नाही. कागद हातात घेणाऱ्या प्रत्येकाला ते दिसते आणि माहिती नव्हती ही सबब तिथे चालत नाही.

तारखेइतकाच कामाचा आवाकाही महत्त्वाचा. मुखत्यारपत्राचा अर्थ न्यायालये काटेकोर लावतात. मोघम शब्दांतून विक्रीचा अधिकार निघत नाही. म्हणजे ‘इतर सर्व कामे’ हे शेपूट कागद बळकट करत नाही, फक्त अधिकार देणाऱ्याला बळकटीचा भास देते. रिझर्व्ह बँकेने तर या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक शहाणपण दाखवले आहे. अनिवासी सामान्य खाते, म्हणजे एनआरओ खाते, चालवणाऱ्या निवासी मुखत्याराला रुपयांतली स्थानिक देणी देता येतात आणि खातेदाराचे चालू उत्पन्न कर वजा जाता त्याला पाठवता येते. खातेदाराच्या वतीने कोणा निवासी माणसाला भेट म्हणून रक्कम देण्याची मुभा मात्र नाही. मग घराच्या विक्रीची रक्कम खातेदाराच्याच एनआरओ खात्यात जमा होईल, खाते क्रमांक हा, किमान किंमत ही, एवढे लिहायला आपली लेखणी का अडते?

मुद्रांकाचा हिशेबही हेच सांगतो. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूची १ मधील अनुच्छेद ४८ प्रमाणे मोबदल्याशिवाय विक्रीचा अधिकार आई-वडील, भावंडे, पती-पत्नी अशा जवळच्या नातलगाला दिला तर नाममात्र शुल्क लागते. मित्राला किंवा शेजाऱ्याला दिला तर खरेदीखताइतके. ज्या पक्षकाराला फ्लॅट फक्त भाड्याने द्यायचा आहे त्याच्या कागदात सवयीने विक्रीचे कलम घालणे म्हणजे त्याला लाखाच्या घरातल्या शुल्काच्या तोंडी देणे. परदेशात झालेला दस्त राज्यात प्रथम आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करायचा असतो, तेव्हा ही चूक फार काळ लपतही नाही.

सर्वांत नाजूक प्रकार हक्कसोडपत्राचा. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीनंतर, आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तिचा अर्थ पक्का केल्यानंतर, परदेशातल्या मुलीची सही वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाला टाळता येत नाही. पुष्कळदा तिने फेरफार व वारसनोंदीसाठी म्हणून भावाला कुलमुखत्यारपत्र दिलेले असते, आणि त्याच्याच आधारे भाऊ तिच्या वतीने स्वतःच्या लाभात हक्क सोडतो. अधिकार देणाऱ्याचे हित पाहणारा आणि लाभ घेणारा एकच. असा दस्त पुढे दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळतो, आणि गावी राहिलेला भाऊ सरळ मनाचा असला तरी त्याची बदनामी टळत नाही. हक्क खरोखरच सोडायचा असेल तर गट क्रमांक, हिस्सा आणि कोणाच्या लाभात हे नमूद करणारे स्वतंत्र विशेष मुखत्यारपत्र घ्यावे, आणि ते शक्यतो त्रयस्थाच्या नावे असावे.

यावर व्यवसायबंधूंचा पहिला आक्षेप सोयीचा असतो. प्रत्येक कामाला वेगळा कागद म्हणजे पक्षकाराला दर वेळी वकिलातीत खेटे घालायला लावणे. आखातातल्या कामगाराच्या बाबतीत या आक्षेपात तथ्य आहे. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत हेग अपॉस्टिल करारात नाहीत, त्यामुळे तिथे वकिलातीचा रस्ता चुकत नाही, आणि सुट्टी मालकाच्या मर्जीवर. अशा पक्षकारासाठी एकाच भेटीत दोन-तीन वेगळे कागद करून घ्यावेत आणि मुदत थोडी लांब ठेवावी. इतरांना हे लागू नाही. भारत २००५ पासून या करारात आहे, अमेरिका व ब्रिटन आहेतच, कॅनडाही जानेवारी २०२४ पासून आला. नोंदणी कायद्याचे कलम ३३ परदेशस्थासाठी भारतीय वाणिज्यदूताच्या जोडीला नोटरीचेही नाव घेते. काही दुय्यम निबंधक तरीही वकिलातीच्या शिक्क्यासाठी अडून बसतात. तिथे कलम दाखवून लेखी कारण मागणे हे आपले काम, पक्षकाराला विमानतळावर पाठवणे नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, २०११ च्या सूरज लॅम्प निकालाने मुखत्यारपत्राच्या आडून होणाऱ्या विक्रीला आळा घातला आहेच, मग आणखी बंधने कशाला? त्या निकालाने मुखत्यारपत्र म्हणजे मालकी हस्तांतरण नव्हे एवढे ठरवले; नातलगाला विक्रीसाठी दिलेले खरेखुरे मुखत्यारपत्र त्याने जाणीवपूर्वक अबाधित ठेवले. आपल्या पक्षकारांची कागदपत्रे नेमकी याच अबाधित ठेवलेल्या वर्गातली आहेत, तेव्हा त्या निकालाचा आधार इथे मिळत नाही.

कुलमुखत्यारपत्राला मुळीच जागा नाही असे आम्ही म्हणत नाही. अनेक गावांत विखुरलेली शेती, एकाच वेळी चालू असलेले दावे, हिंडूफिरू न शकणारा पक्षकार, अशा वेळी ते लागते. तिथेही विक्री, बक्षीस आणि हक्कसोड बाजूला काढून मुदत घालता येते. उरतो तो शुल्काचा प्रश्न, आणि खरी अडचण बहुधा तीच असावी. तयार मसुद्याला दहा मिनिटे लागतात, नेमक्या मसुद्याला सातबारा, जुने फेरफार आणि बँकेचे पत्र वाचत अर्धा दिवस बसावे लागते. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे पक्षकाराकडे उघडपणे मागावेत. परदेशात वकिलाच्या वेळेचे बिल भरणाऱ्या माणसाला त्यात काही वावगे वाटणार नाही.