टोपणनाव लिहा – गुण १



'जोड्या लावा' हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. केशवसुत – कृष्णाजी केशव दामले. कुसुमाग्रज – विष्णु वामन शिरवाडकर. विभावरी शिरूरकर – मालती बेडेकर. मुलं तीन रेघा ओढतात, तीन गुण घेतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. माझं म्हणणं एवढंच, की तिसऱ्या रेघेपाशी वर्गाने जरा थांबावं.

मालतीबाईंचा जन्म १९०५ चा. माहेरचं नाव बाळूताई खरे. महर्षी कर्व्यांच्या संस्थांमध्ये त्या शिकल्या आणि तिथल्याच कन्याशाळेत शिक्षिका झाल्या. म्हणजे त्या आपल्यापैकीच एक! १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला, तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या, अविवाहित, नोकरी करणाऱ्या बाई होत्या. पुस्तकावर नाव मात्र होतं विभावरी शिरूरकर.

असं काय होतं त्या पुस्तकात? शिकलेल्या, लग्न लांबलेल्या, कमावत्या मुलींची घुसमट होती. मुलीला प्रेम हवं असतं, तिच्या पगारावर घर चालतं आणि म्हणून तिच्या लग्नाचा विषय कोणी काढत नाही, हे त्यात सरळ लिहिलं होतं. महाराष्ट्रात एकच गदारोळ झाला. टीका झाली, सभांमधून निषेध झाला आणि 'ही विभावरी कोण?' याचा शोध सुरू झाला. पुढच्याच वर्षी त्यांची 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. तिची नायिका अचला ही नवऱ्याने टाकलेली. मुंबई प्रांतात अशा बाईला घटस्फोट मिळवून देणारा कायदा आला १९४७ साली! ती मात्र १९३४ मध्येच दुसऱ्या पुरुषावरच्या प्रेमाचा आणि आई होण्याचा हक्क मागते.

आता विचार करा, एका शिक्षिकेचं नाव या पुस्तकांवर असतं तर काय झालं असतं? मुलींच्या शाळेतली नोकरी टिकली असती का? पालकांनी काय म्हटलं असतं? कुसुमाग्रजांचं टोपणनाव आणि हे टोपणनाव एका रांगेत बसत नाही. हे चिलखत होतं.

आणि नाव लपवलं म्हणून त्या घाबरट होत्या असं कोणी समजू नये. १९३६ मध्ये शाळा सोडून त्यांनी तथाकथित 'गुन्हेगार' जमातींच्या वसाहतींचं काम पत्करलं. तारेच्या कुंपणाआडचं ते जगणं 'बळी' (१९५०) या कादंबरीत आलं. या जमातींवरचा तो शिक्का देशभरातून पुसला गेला १९५२ साली. १९८१ मध्ये साहित्यातल्या सरकारी हस्तक्षेपाच्या निषेधार्थ मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरलं. त्याच्या अध्यक्षस्थानी या आजीबाईच होत्या.

मग आपण वर्गात काय करायचं? नववी-दहावीच्या मुलांना एकच प्रश्न द्या : 'या लेखिकेला स्वतःचं नाव का लपवावं लागलं असेल?' उत्तर गाईडमध्ये सापडणार नाही, त्यामुळे मुलं बोलतील.

दुसरी गोष्ट निबंधाची. 'माझी आई' या विषयावर चाळीस वह्यांत एकच आई असते : पहाटे उठणारी, प्रेमळ, कधी न चिडणारी. एखादी मुलगी लिहिते, 'आई रात्री एकटी रडते.' त्यावर आपण 'विषयाला धरून लिही' असा लाल शेरा मारला किंवा ती वही स्टाफरूममध्ये फिरवली, तर ती मुलगी पुन्हा खरं लिहीत नाही. पालकहो, मुलीची डायरी चोरून वाचली की घरीही हेच होतं. मुलाला धोका आहे असं दिसलं तर मदत करायलाच हवी, तिथे गप्प बसणं चूक. एरवी मात्र मुलांनी विश्वासाने लिहिलेलं आपल्यापाशीच राहावं.

विभावरी शिरूरकरांना चिलखत घालून लिहावं लागलं. आपल्या वर्गातल्या मुलीला आपल्या नावाने खरं लिहिता यावं, एवढी जागा तर आपण तिला देऊ शकतो ना?

तुमच्या वर्गात हा प्रश्न विचारून बघा. मुलं काय म्हणाली, ते जरूर कळवा.