स्वस्त अलॉय आणि 120 चा वेग

जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला. कोराडीकरांच्या मोटारीही आता तिथे ताशी 120 किमीने धावतात. गतिज ऊर्जा 60 च्या चौपट! म्हणूनच नामांकित डिझाइनची नक्कल असलेले स्वस्त अलॉय व्हील मला खटकते. ओतकामात राहिलेली सूक्ष्म छिद्रे रंगाखाली दिसत नाहीत. खड्ड्यागणिक तिथून तडा वाढतो आणि एखाद्या दिवशी टायरची हवा क्षणात जाते. अपघात विभागात आम्ही जखम पाहतो, रिम कोणी दाखवत नाही. घेताना आयएसआय चिन्ह, भारक्षमता आणि मधल्या छिद्राचा व्यास तपासा; चिन्हही खोटे असू शकते, तेव्हा पक्के बिल मागाच. बजेट नसेल तर गाडीसोबत आलेली पोलादी चाके काय वाईट? खड्ड्यात ती वाकतात, सहसा तडकत नाहीत.