बंदराचा रस्ता कोणाच्या खर्चाने?

न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरासाठी पागोटे ते चौक असा सुमारे २९ किलोमीटर लांबीचा सहापदरी महामार्ग बांधण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये मान्यता दिली. खर्च सुमारे ४,५०० कोटी रुपये आणि पद्धत 'बांधा, वापरा व हस्तांतरित करा' ही. कळंबोली आणि पळस्पे फाट्यावरील कोंडी कोणी नाकारीत नाही. तीत अडकलेल्या ट्रेलरचालकाचे तास व पनवेलकरांचा श्वास या दोहोंची किंमत मोठी आहे. म्हणून रस्ता नको, असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. परंतु त्याचा लाभ कोणाच्या पदरात आणि भार कोणाच्या माथी, हे विचारण्याचा अधिकार जनतेला आहे.

२०२४-२५ या वर्षी या बंदराने वीस फुटी मापाने सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले. अलीकडच्या वर्षांत त्यांतील एक पंचमांशही माल रेल्वेच्या वाट्याला आलेला नाही. असे ९० कंटेनर नेणारी एक मालगाडी किमान ४५ ट्रेलर रस्त्यावरून दूर करते, हे साधे अंकगणित आहे. तरीही पश्चिम मालवाहतूक मार्गाचे अन्य टप्पे सुरू झाल्यावर वैतरणा ते बंदर हा टप्पाच सर्वांत मागे रेंगाळला. रेल्वेला ताटकळत ठेवायचे आणि मग रस्त्यावरील गर्दीचा दाखला देऊन रस्त्यांवर रस्ते बांधायचे, याला नियोजन कसे म्हणावे? रुंद केलेला रस्ता नव्या वाहनांनी पुन्हा भरतो, हा जगभरचा अनुभव आहे.

या बंदरात पहिले खाजगी टर्मिनल १९९९ साली सुरू झाले. आज माल हाताळण्याचा व्यवसाय प्रामुख्याने खाजगी कंपन्यांच्या हाती आहे. धूर, अपघात आणि उखडलेले गावरस्ते यांची नोंद मात्र त्यांच्या ताळेबंदात होत नाही. ती उरण-पनवेलच्या संसारात होते. पथकराचा बोजाही जहाज कंपनी सोसणार नाही. तो वाहतूकदाराच्या बिलातून नाशिकच्या द्राक्षउत्पादकापर्यंत झिरपेल.

आणि जमीन? सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्यात, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या रक्तातून आले. बंदर १९८९ साली सुरू झाले. बंदरग्रस्तांना त्या भूखंडांची प्रातिनिधिक वाटपपत्रे मिळण्यास ऑगस्ट २०१४ उजाडावा लागला. कंटेनरला तासाभराचा विलंब खपत नाही, शेतकऱ्याला मात्र पंचवीस वर्षे थांबवता येते! नव्या महामार्गाचे भूसंपादन याच न्यायाने व्हावयाचे काय?

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. बंदराच्या मालातील रेल्वेचा वाटा वाढविण्याचे मुदतबद्ध उद्दिष्ट जाहीर व्हावे. मोबदला व पुनर्वसन पूर्ण झाल्याखेरीज एक फावडेही जमिनीत पडू नये. चालकांसाठी वाहनतळ, विश्रांतिगृहे व शौचालये आणि गावांसाठी स्वतंत्र सेवारस्ते हे मूळ आराखड्यातच असावेत. पथकराचा हिशेब दरवर्षी जनतेपुढे मांडला जावा.

कार्यकर्त्यांनी या मागण्या घेऊन पागोट्यापासून चौकपर्यंतच्या प्रत्येक गावात आताच जावयास हवे. डांबर पडल्यानंतर निघणाऱ्या मोर्च्याला वाहतुकीचा अडथळा म्हणतात.